जड डोक्याची गिटार

आत्याला राग यायला कारण लागत नाही, असं घरचे म्हणत. आत्याचं म्हणणं वेगळं होतं. कारण लागतं, पण लोक ते इतक्या सढळ हाताने पुरवतात की तिला शोधायला जावं लागत नाही.

त्या गुरुवारी ते कारण भाच्याच्या कामाच्या खोलीत टेबलावर आडवं पडलं होतं. खाली मऊ पांघरुणाची घडी, वर झुकवलेला दिवा, आणि भोवती चार पुरुष उभे, त्यातले तिघे हात पाठीमागे बांधून. दवाखान्यात नवं बाळ बघायला आलेले, पण उचलून घ्यायला घाबरणारे पाहुणे असतात ना, तसे. बाळ म्हणजे बास गिटार. आत्यासाठी मुद्दाम घडवलेली. आणि आत्या दारात. तिला वाट द्यावी हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ती हॉटेलच्या धुलाईघरातून ड्युटी संपवून सरळ आली होती. तिथे तिचं काम म्हणजे मोठ्या मशीनमधून पिळून निघालेल्या चादरींचा गुंता सोडवायचा, खांद्यावर टाकायचा आणि सुकवायच्या मशीनपर्यंत न्यायचा. ओली चादर काय चीज असते हे जो उचलतो त्यालाच ठाऊक. दिवसा डाव्या खांद्यावर चादरी, संध्याकाळी त्याच खांद्यावर गिटारचा पट्टा. आणि बास म्हणजे काही साधी गिटार नव्हे. तारा चारच, पण दोरखंडासारख्या, मान लांबलचक, धड म्हणजे दाराची फळी. आत्याची जुनी बास तर अशी होती की बँडमधले म्हणायचे, ही मूळची कपाट असणार, सुताराचं मध्येच मन बदललं.

बँड मुळात तिच्या दादाचा, म्हणजे भाच्याच्या वडिलांचा. पूर्वी कधीतरी त्याचा बासवाला ऐन वेळी पळाला आणि दादाने हिच्या गळ्यात पट्टा अडकवला, कारण गायला मिळावं म्हणून हट्ट न करणारी घरात ती एकटीच होती. पुढे दादा नोकरीला चिकटला आणि गाणंबजावणं सोडून बसला. हिने सोडलं नाही. बास कुणाला ऐकू येत नाही, असं लोक म्हणतात. पंखा चालू असेपर्यंत पंखा तरी कुठे ऐकू येतो? वीज गेली की खोली कशी ओकीबोकी होते, तेव्हा कळतं. हे आत्याला माहीत होतं, आणि ते दरवेळी दुसऱ्याला समजावून सांगावं लागतं, हा तिचा जुना राग होता.

नवा राग मास्तरांवर होता. मास्तर म्हणजे हल्ली बँड चालवणारे गायक. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘म्हणजे कसं आहे बघा’ असं सुरू व्हायचं आणि कसं आहे ते शेवटपर्यंत कळायचं नाही. गेल्या दोन कार्यक्रमांत आत्याने शेवटची गाणी स्पीकरला टेकून काढली, ते मास्तरांनी पाहिलं, आणि या खेपेला मात्र कसं आहे ते लख्ख कळलं. म्हणजे कसं आहे बघा, आपला कीबोर्डवाला डाव्या हाताने खालचे सूर काढतोच आहे, बासचं काम होऊन जाईल, तुमच्याही जिवाला आराम. नाहीतर मग स्टुलावर बसा.

स्टुलावर ती बसणार नव्हती. त्या बँडमध्ये बसून वाजवणारा एक ड्रमवाला, बाकी बसला तो थकलेला. स्टुलावर बसलेला माणूस पुन्हा उभा राहत नाही, तो स्टुलावरून घरीच जातो, हे तिने दोघांच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून तिने मास्तरांना बजावलं होतं, की भाचा हलकी गिटार करतोय, शनिवारचा कार्यक्रम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत उभी राहून वाजवीन. नाही जमलं, तर तुम्ही आणि तुमच्या कीबोर्डवाल्याचा डावा हात. मास्तरांनी ‘छे छे, तसं काही नाही हो’ म्हणत म्हणत ते पक्कं करून टाकलं.

तर टेबलाभोवती मास्तर होते, ड्रमवाला होता, भाच्याचे सासरे होते आणि मध्यभागी खुद्द भाचा. हा धंद्याने गिटार घडवणारा. लाकडाविषयी बोलायला लागला की त्याचा आवाज अर्ध्यावर यायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा, आणि दोन्ही हात हवेत जायचे. हात धरून ठेवले असते तर तो मुका झाला असता.

वरचं अक्रोड, तो सांगत होता. एकाच फळीचे दोन काप काढून, पुस्तक उघडावं तसे शेजारी शेजारी चिकटवलेत. उजवीकडची रेघ डावीकडे आरशात पाहिल्यासारखी दिसते. खाली देवदार, आतून कोरून पोकळ केलेला. इथे आवाज आणखी खाली. श्वास घेतो तो. मान मेपलची, मध्ये शिसवाच्या पट्ट्या, म्हणजे हवा कशीही बदलली तरी वाकायचं नाव नाही. बोटांखाली आबनुसाची पट्टी, काळीकुळकुळीत. आणि डोकं, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या बसतात तो भाग, ते त्याने उमलत्या पानासारखं रुंद कोरलं होतं आणि वर त्याच अक्रोडाचा पापुद्रा चढवला होता. ही फळी मिळावी म्हणून त्याने वखारीतल्या ढीगभर फळ्या बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून ऐकल्या होत्या. वखारवाला शेवटी कंटाळून म्हणाला होता, बाबा रे, आत कुणी नाहीये.

अक्रोडाच्या त्या जुळ्या रेघांत मास्तरांना फुलपाखरू दिसलं. सासऱ्यांना घुबड दिसलं आणि घुबडाचे डोळे कुठे ते त्यांनी बोटाने दाखवलं. ड्रमवाला सगळ्याला ‘एक नंबर’ म्हणायचा, तो फुलपाखरालाही म्हणाला, घुबडालाही म्हणाला.

“विहीणबाई, तुम्हाला काय दिसतं?” सासऱ्यांनी विचारलं.

“चार तारा दिसतात. द्या इकडे.”

तिने गिटार उचलली. खरंच हलकी होती. इतकी, की आत्याला हसू आलं आणि कुणाला दिसायच्या आत तिने ते गिळलं. पट्टा खांद्यावर घेतला, ताठ उभी राहिली, आणि कपाळावरचे केस मागे सारायला डावा हात सोडला.

मान खाली गेली. सावकाश वगैरे नाही, सरळ जमिनीकडे. धड वर, डोकं खाली. तिने झेललं, वर आणलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तेच.

“ही मान टाकते,” आत्या म्हणाली.

सासऱ्यांना वाटलं, विहीणबाई डोकं दाखवतायत. त्यांनी दिवा तिकडे वळवला. मास्तर वाकून म्हणाले, म्हणजे कसं आहे बघा, पान म्हणजे अगदी पानच आहे. ड्रमवाल्याचा एक नंबर झाला. आत्याने पुन्हा सांगितलं, आता प्रत्येक शब्द वेगळा काढून, की डावा हात तारा दाबायला असतो. त्याने मान उचलून धरायची, तर दाबायचं कुणी? आणि मान उचलून धरणारा हात कुठे जोडलेला असतो? याच खांद्याला.

भाचा हसला, आणि ते हसणं सगळ्यात वाईट होतं, कारण त्यात माया होती. सवय होईल आत्या, तो म्हणाला. वाद्याला माणसाची ओळख पटायला वेळ लागतो.

“मग काय, चहाला बोलावू त्याला?”

पण भाच्याची खरी गंमत अजून बाकी होती. त्याने तिचा हात धरून डोक्यावरच्या खुंट्यांवर ठेवला आणि डोळे मिचकावले. ओळखल्यास का? आत्याने ओळखल्या. मुठीएवढ्या जुन्या लोखंडी खुंट्या, कडा झिजलेल्या, एकीचा कान जरा वाकडा. तिच्या जुन्या बासच्या. आठवण म्हणून, तो म्हणाला. तुझी सगळी वर्षं या डोक्यावर, आत्या. सासऱ्यांचे डोळे भरून आले.

“जुनी बास कुठाय?”

त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. मापं घ्यायला म्हणून तिने दिलेली ती भिंतीला टेकून उभी होती. खुंट्यांच्या जागी भोकं, पोटातून वायरी बाहेर. परतीची वाटही भाच्याने कौतुकाने उखडून ठेवली होती. आत्या काहीच बोलली नाही. तिला ओळखणारा माणूस अशा वेळी दार गाठतो. तसा ओळखणारा तिथे भाचाच होता, पण तो स्वतःच्या कौतुकात होता, त्यामुळे सगळ्यांनी चहा घेतला.

त्याच संध्याकाळी तालीम होती. पहिल्या गाण्यात मान खाली, सूर वर. दुसऱ्यात डावा हात मानेला लटकलेला आणि बोटं मागाहून धावतायत, गाडी सुटलेल्या माणसासारखी. तिसऱ्या गाण्याला खांद्यातून मानेपर्यंत अशी कळ गेली की तिने मध्येच दोन सूर सोडून दिले. ती सुटली तिथे कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने हळूच जागा भरली. चुकीची भरली असती तरी तिला बरं वाटलं असतं. नीट भरली. गाणं संपलं तेव्हा मास्तरांनी, एक शब्द न बोलता, तिच्या मागे स्टूल आणून ठेवलं. स्टुलावर उशी होती.

ती उशी आत्याला रात्रभर टोचली.

शुक्रवारी सकाळी तिने धुलाईघरातल्या जोडीदारणीशी ड्युटी बदलली आणि भाच्याचं दार वाजवलं. तो टेबल पुसत होता. तिने गिटार त्यावर ठेवली, या वेळी पांघरूण न घालता, आणि सांगितलं, ही नीट कर.

भाच्याला झोप नीट लागली होती, त्यामुळे त्याच्याकडे उपाय होते. खरबरीत चामड्याचा रुंद पट्टा घेऊ, तो कपड्यावर घसरणार नाही. आत्या म्हणाली, मग गिटार पडणार नाही, गिटारबरोबर मी पडेन. बरं, मग दुसरं. धडाच्या मागच्या टोकाला खाच पाडू, आत शिसं भरू, म्हणजे तराजू सरळ.

आत्याने हे त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तो पुन्हा म्हणाला, जरा हळू.

“खांदा दुखतो म्हणून हलकी केलीस. आता हलकी झाली म्हणून शिसं भरतोस. चपला हलक्या निघाल्या तर खिशात विटा भरून फिरशील का रे?”

तिने खुर्ची ओढली, बसली आणि त्याला गिटार गळ्यात घालायला सांगितली. त्याने घातली. आता बोल, ती म्हणाली. काल बोलत होतास तेच. लाकडाबद्दल. मी काल नीट ऐकलं नाही.

भाचा भोळा होता. त्याला वाटलं, राग निवळला. त्याचा आवाज अर्ध्यावर आला. हे अक्रोड आहे ना आत्या, असं म्हणत त्याचा डावा हात रेघा दाखवायला वर गेला आणि गिटारने मान टाकली. त्याने सावरली. पुढे गेला. देवदार आतून कसा कोरला ते सांगायला दोन्ही हातांची ओंजळ केली. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. चुकून झालं, म्हणाला. आत्या म्हणाली, हो हो, पुढे. मेपल आणि शिसव. आता त्याने डावा हात मानेवर घट्ट ठेवला आणि उजव्या हाताने बोलू लागला, पण एका हाताने त्याचं वाक्य पुरं होईना. ‘म्हणजे मान अशी...’ म्हणायचा, हात हलवायचा, अडायचा. आबनुसापर्यंत येता येता त्याचा खांदा कानाला लागला होता. त्याने पट्टा सारखा केला, पाय बदलला, पुन्हा पट्टा सारखा केला.

“काढू का?” त्याने विचारलं.

“आत्ताशी पहिलं गाणं संपलं.”

तो उभा राहिला. ती बघत राहिली. खोलीत सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. शेवटी त्याने मानेकडे असं पाहिलं, जसं आपण शेजारच्या खोलीतल्या माणसाने हाक मारल्यावर पाहतो.

“तू हिला टेबलावर पाहिलीस,” आत्या म्हणाली. “भिंतीला टेकवून पाहिलीस. मांडीवर घेऊन वाजवून पाहिलीस. गळ्यात घालून उभा कधी राहिलास?”

तो कधीच राहिला नव्हता. आत जे पोकळ केलं त्याने धड कापसासारखं झालं, आणि मान तशीच दणकट, आणि शेंड्याला लोखंड. बालवाडीतल्या पोरालाही सांगता आलं असतं, सी-सॉच्या कुठल्या टोकाला कोण बसलंय ते. पण बालवाडीतल्या पोराला अक्रोडातलं फुलपाखरू दिसत नसतं.

तो पुटपुटला, की आधी हलक्या खुंट्याच आणल्या होत्या, खणात आहेत. मग वाटलं, तुला आवडेल.

इथे आत्याचा उरलासुरला तोल गेला. खणात. म्हणजे बरोबर काय ते याला ठाऊक होतं, आणि बरोबर ते खणात टाकून याने तिच्या आठवणी डोक्यावर बसवल्या. तिने त्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं की मला आठवण पाहिजे? त्या खुंट्या फिरवून माझ्या अंगठ्याचं कातडं गेलंय. आठवण माझ्या खांद्यात आहे, ती गिटारला कशाला? मी काय संपले, की माझं स्मारक बांधायला घेतलंस? हे सगळं ती उभी राहून बोलली आणि शेवटाला शांत झाली. तिचं शांत होणं भाच्याला लहानपणापासून माहीत होतं. त्याने खण उघडला.

नव्या खुंट्या चिमुकल्या होत्या, तळहातावर घेतल्या तर बटणांसारख्या. जुन्यांची भोकं मोठी, त्यांत लाकडाची बुचं ठोकून पुन्हा बारीक भोकं पाडावी लागणार होती. तेवढं भाचा लगेच कबूल झाला. मग आत्याने पेन्सिल उचलली आणि त्या उमलत्या पानाच्या दोन्ही बाजूंनी रेघ ओढली. पान जाऊन देठ राहील अशी.

तिथे मात्र तो उसळला. हे डोकं कोरायला त्याला किती वेळ लागला, आणि कालपासून जो येतो तो पहिलं डोकंच बघतो. आणि आत्याने आयुष्यात एकदा तरी त्याने केलेल्या कशालाही चांगलं म्हटलंय का? सगळं लाकूड तिला डोळ्यांसमोर ठेवून निवडलं. वखारवाल्याने त्याला वेड्यात काढलं, बायकोने काढलं. आणि ही येते आणि पेन्सिलने रेघ मारते. बोलता बोलता त्याचा आवाज पूर्ण चढला होता, आणि हात मात्र जागच्या जागी होते.

आत्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अक्रोड चांगलं आहे.” ते ती अशा सुरात म्हणाली, जशा सुरात इतर लोक शिवी देतात. थोड्या वेळाने, “देवदार पण.”

मग तिने मान दोन्ही हातांत घट्ट धरली आणि त्याने करवत लावली. तो असा कापत होता की बघणाऱ्याला वाटावं स्वतःचंच बोट आहे. ती म्हणाली सरळ काप, तो म्हणाला सरळच कापतोय, ती म्हणाली मग डोळे उघडून काप. अक्रोडाचे दोन तुकडे टेबलावर पडले. ते त्याने फेकले नाहीत, खिशात घातले, आणि तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

संध्याकाळी बुचं सुकली, खुंट्या बसल्या, तारा चढल्या. आत्याने पट्टा घातला आणि डावा हात सोडला. मान किंचित झुकली, नाही म्हणावं की हो म्हणावं अशा बेतात रेंगाळली, आणि तिथेच थांबली. तिने थोडा वेळ तशीच राहू दिली. थांबली ती थांबली. भाचा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने नुसती मान डोलावली आणि विचारलं, जुन्या बासच्या वायरी परत कधी जोडणार आहेस.

शनिवारी मास्तरांनी छाटलेलं डोकं पाहिलं आणि त्यांना घरात चोरी झाल्यासारखं वाटलं. अहो, त्या पानाचं काय झालं? आत्याने सांगितलं, गळून पडलं. म्हणजे कसं आहे बघा, इतकी सुंदर गोष्ट, असं म्हणत त्यांनी निःश्वास सोडला, आणि स्टूल, असू दे बाजूला, म्हणत स्टेजच्या मागच्या बाजूला ठेवून दिलं. उशीसकट.

पहिला भाग तिने उभ्याने काढला. दुसराही काढला. लोक जेवत होते, बोलत होते, गिटारकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि त्याबद्दल तिला पहिल्यांदाच राग आला नाही. डावा हात मोकळा होता. बोटं वेळेवर पोचत होती, कधी कधी वेळेआधी पोचून वाट बघत होती. तिसऱ्या भागात खांदा दुखायला लागला, पण ते तिचं नेहमीचं दुखणं होतं, ओळखीतलं, घरी नेऊन शेकायचं.

शेवटचं गाणं सुरू झालं आणि खालचे सूर एकदम चिखलासारखे गढूळ झाले. आत्याने आधी स्वतःची बोटं पाहिली. बोटं जागेवर होती. मग तिने डावीकडे पाहिलं. कीबोर्डवाल्याचा डावा हात खाली उतरला होता आणि तिच्याच सुरांत तिच्याच जागी चालला होता. त्याची नजर मास्तरांवर होती आणि मास्तरांची छताकडे.

आत्या वाजवत वाजवतच निघाली. एक सूर न सोडता, वायर मागे ओढत, स्टेज ओलांडून कीबोर्डच्या कडेला जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की छाटलेलं डोकं त्याच्या कानापाशी आलं.

“डावा हात वर घे,” ती म्हणाली.

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर गात होते आणि ते कडवं बरंच लांब होतं.

“वर. तुझ्या घरात ठेव.”

त्याने हात उचलला, पलीकडच्या बारीक सुरांवर नेऊन ठेवला आणि गुपचूप उजव्या हाताला साथ देऊ लागला. खालची जागा मोकळी झाली. आत्या तिथेच, त्याच्या शेजारी, गाणं संपेपर्यंत उभी राहिली.